येमांजाची ओटी: साल्वादोरमधले आठ दिवस

रविवार, २६ जानेवारी

साओ पावलोहून अडीच तासांत साल्वादोरला उतरलो. माझी भाची तीन वर्षांपासून साओ पावलोत नोकरीला आहे. तिला पोर्तुगीज येतं, म्हणून तर मी हे धाडस केलं. बायिया राज्याची ही राजधानी १५४९ सालची, १७६३पर्यंत सगळ्या ब्राझीलची राजधानी होती. रिओ व्हर्मेल्यो भागात, समुद्रापासून पाच मिनिटांवर, एका सत्तरीच्या बाईंच्या घरात खोली घेतली होती. भाची त्यांना 'तिया' म्हणत होती, म्हणजे मावशी-आत्या. मीही तेच म्हणायला लागले.

मी २ फेब्रुवारीच्या समुद्रदेवी येमांजाच्या सणासाठी आले आहे हे कळल्यावर तियांनी मला नीट न्याहाळलं. "येमांजा अजून आठवडाभर आहे. उद्या सोमवार. आधी म्हाताऱ्याकडे जाऊन ये, पोरी."

सोमवार, २७ जानेवारी

म्हातारा म्हणजे ओबालुआये. आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या योरुबा लोकांचे जे देव इथे टिकले त्यांना ओरिशा म्हणतात आणि त्यांच्या धर्माला कांदोंब्ले. ओबालुआये हा त्यातला रोगराईचा आणि ती बरी करण्याचा धनी, विशेषकरून देवीच्या रोगाचा. अंगभर व्रण असलेला, म्हणून डोक्यापासून पायापर्यंत गवताच्या झुलीत झाकलेला. त्याचा वार सोमवार.

इथे कॅथलिक संत लाझारोच्या रूपात ओबालुआयेलाच पुजतात. टेकडीवरचं त्या सांव लाझारोचं चर्च लहानसंच आहे. आत मेणबत्त्या जळत होत्या. बाहेर पायऱ्यांवर पांढऱ्या कपड्यांतल्या बाया आणि बाप्ये टोपल्या घेऊन बसले होते. टोपल्यांत काय, तर मक्याच्या लाह्या! गरम वाळूत फोडलेल्या, तेल नाही, मीठ नाही. आपल्या भडभुंज्याच्या भट्टीवर फुटतात तशाच. एका बाईंनी मला समोर उभं केलं. ओल्या पानांची जुडी खांद्यावरून, पाठीवरून, पोटावरून फिरवली. मग ओंजळ भरभरून लाह्या डोक्यावर ओतल्या. त्या कानाला घासत, गळ्यातून आत शिरत खाली पडत होत्या. बाई पुटपुटत होत्या त्यातलं "आतोतो" एवढं मला कळलं. ती ओबालुआयेला हाक.

लाह्यांमागची कथा तियांनी सकाळीच सांगितली होती. या पोराला त्याच्या आईने, नानांने, व्रणांमुळे टाकून दिलं. येमांजाने, म्हणजे समुद्राने, ते उचललं, खाऱ्या पाण्याने जखमा धुतल्या आणि वाढवलं. पुढे एका नाचात सगळे देव रंगले होते आणि हा गवताच्या झुलीत लाजून कोपऱ्यात उभा होता. वाऱ्याची देवी इयान्सां त्याच्याभोवती घुमली, गवत उडालं आणि अंगावरच्या सगळ्या खपल्या उडून पांढऱ्याशुभ्र लाह्या झाल्या.

माझ्या आजीच्या चेहऱ्यावर देवीचे वण होते. लहानपणी मी त्यांवरून बोट फिरवत असे. ती म्हणायची, देवी येऊन गेली, खुणा ठेवून गेली. रोगालाच देवीचं नाव देऊन तिच्यासमोर हात जोडणारी माणसं जगाच्या या टोकालाही आहेत हे मला त्या पायऱ्यांवर कळलं. बराच वेळ मी केसांतल्या लाह्या झटकल्या नाहीत.

मंगळवार, २८ जानेवारी

सकाळी पेलोरिन्यो. रंगीत घरांच्या चढउताराच्या या वस्तीचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात. नावाचा अर्थ मात्र फटके मारण्याचा खांब. ब्राझीलमध्ये सुमारे ४८ लाख आफ्रिकन माणसं गुलाम म्हणून उतरवली गेली, जगातल्या इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. गुलामगिरी कायद्याने संपली १३ मे १८८८ला, दोन्ही अमेरिका खंडांतला हा शेवटचा देश.

जुन्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या इमारतीत आफ्रो-ब्राझिलियन संग्रहालय आहे. तिथे कारिबे या चित्रकाराने देवदाराच्या फळ्यांवर कोरलेले २७ ओरिशा आहेत, माणसाच्या उंचीपेक्षा मोठे, लाकडात धातू आणि शिंपले जडवलेले. ओगुम लोखंडाचा, ओशोसी शिकारीचा, शांगो विजेचा आणि न्यायाचा. प्रत्येकाच्या पायाशी त्याचा प्राणी. मी ओबालुआयेसमोर सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले. याच महाविद्यालयात नीना रोड्रिगेस नावाचे प्राध्यापक होते. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी कांदोंब्लेचा पहिला अभ्यास केला. पण अंगात येणं हा त्यांच्या लेखी उन्माद होता, रोग. ज्या वास्तूत या देवांना आजाराचं नाव दिलं गेलं तिथेच आज ते भिंती व्यापून उभे आहेत. हे पाहताना मला फार बरं वाटलं.

संध्याकाळी रोझारियो दुस प्रेतुस चर्चमधली मंगळवारची प्रार्थना. 'काळ्यांच्या रोझरी मातेचं' हे निळं चर्च गुलाम आणि मुक्त काळ्या लोकांनी अठराव्या शतकात स्वतः बांधलं. त्यासाठी दिवसभराची मजुरी झाल्यावर रात्री राबले. भजनाला ढोल लागले आणि सगळं चर्च डोलायला लागलं. भाकरीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन माणसं नाचत वेदीकडे गेली. भाची माझ्या कानात म्हणाली, "मावशी, आपण चर्चमध्ये आहोत ना?"

बुधवार, २९ जानेवारी

आज दोन मोठी घरं पाहिली. 'तेरेइरो' म्हणजे कांदोंब्लेचं ठाणं. पण लोक त्याला 'घर'च म्हणतात आणि घराच्या प्रमुखीला 'मांय'. शब्द आईसाठीचाच, आणि कानाला थेट आपल्या 'माय'सारखा. पुरुष प्रमुखही असतात, पण इथली नावाजलेली घरं बायांनी उभी केली आणि बायांनीच चालवली.

वास्को दा गामाच्या नावाच्या गजबजलेल्या रस्त्यावर पायऱ्या चढून गेलं की 'काझा ब्रांका', पांढरं घर. पायथ्याशी गोड्या पाण्याच्या देवीची, ओशुमची, होडीच्या आकाराची वास्तू. आफ्रिकेतून आलेल्या बायांनी एकोणिसाव्या शतकात एका चर्चच्या मागच्या बाजूला हे घर सुरू केलं, मग ते इथे हललं. १९८४मध्ये ब्राझील सरकारने याला राष्ट्रीय वारसा ठरवलं. तोवर त्या यादीत चर्च, किल्ले, वाडे होते, तेरेइरो एकही नव्हता. आणि त्याच्या फक्त आठ वर्षं आधीपर्यंत, १९७६पर्यंत, बायियातल्या प्रत्येक तेरेइरोला पोलिसांकडे नोंद करून परवाना घ्यावा लागत होता. आपल्याच देवाला हाक मारायला ठाण्यात जाऊन अर्ज करायचा! त्याआधी तर धाडी पडत, ढोल जप्त होत. रिओ द जानेरोत पोलिसांनी उचलून नेलेल्या पवित्र वस्तू पोलिसांच्याच ताब्यातून सुटून दुसऱ्या संग्रहालयात जायला २०२० साल उजाडलं.

तिथून ओपो आफोंजाला. १९१०मध्ये मांय आनिन्यांनी स्थापन केलेलं हे घर म्हणजे एक वाडीच. तांबड्या मातीचं अंगण, प्रत्येक ओरिशाची वेगळी छोटी खोली, मुलांची शाळा, झाडांच्या बुंध्यांना गुंडाळलेली पांढरी वस्त्रं. इथल्या मांय स्टेला (१९२५ ते २०१८) व्यवसायाने परिचारिका. १९८३मध्ये त्यांनी इतर काही मांयांबरोबर जाहीर सांगितलं की आमचे ओरिशा हे कॅथलिक संतांचे मुखवटे नव्हेत. मार चुकवायला आमच्या पूर्वजांनी संतांच्या आड देव लपवले, आता लपायची गरज नाही. मला त्यांचं पटतं. आणि तरीही सोमवारी लाझारोच्या पायऱ्यांवर बसलेल्या बाईंना मी खोटं ठरवू शकत नाही. त्यांच्या टोपलीत दोघेही सुखाने नांदत होते.

एका वळणावर पाहिलं तर फणस! बुंध्याला लगडलेला, कोकणातल्यासारखाच. पोर्तुगीज जहाजांनी फणस हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून इकडे आणला आणि इकडचा काजू गोव्याला नेला, हे वाचलेलं होतं. वाचलेलं नव्हतं ते आमच्या वाटाड्याने सांगितलं. कांदोंब्लेच्या केतु नावाच्या शाखेतल्या घरांमध्ये फणसाच्या झाडात 'आपाओका' देवाचा वास मानतात. त्याच्याखाली आवाज चढवत नाहीत. आपल्या परसातलं झाड परमुलखात जाऊन देव होऊन बसलं होतं. मी चपला काढून नमस्कार केला. वाटाड्या हसला नाही. त्यानेही मान झुकवली.

गुरुवार, ३० जानेवारी

सकाळभर पाऊस. दुपारनंतर इतापुवांजवळच्या आबाएतेच्या तळ्यावर गेलो. पांढऱ्या वाळूच्या टेकड्या आणि मध्ये काळंभोर पाणी. तिथे मांय जिल्दांचा अर्धपुतळा आहे. १९९९मध्ये त्यांचा फोटो एका धर्मप्रचारी वृत्तपत्रात भोंदूगिरीच्या मथळ्याखाली छापला गेला. मग घरात घुसून शिवीगाळ झाली. २१ जानेवारी २०००ला त्या हृदयविकाराने गेल्या. २००७पासून ती तारीख ब्राझीलमध्ये धार्मिक असहिष्णुतेविरुद्धचा दिवस म्हणून पाळतात. नऊच दिवस झाले होते त्या तारखेला. पुतळ्याचीही मोडतोड झालेली आहे. मी तिथे फार बोलले नाही.

संध्याकाळी आकाराजे. पांढरा घेरदार झगा, डोक्याला पांढरं वस्त्र, गळ्यात मण्यांच्या माळा, अशा 'बायाना', म्हणजे बायियाच्या बाया, चौकाचौकांत कढई मांडून बसतात. चवळी भिजवून, साल काढून वाटायची, कांदा आणि मीठ घालून लाकडी पळीने फेसफेसून हलकी करायची आणि देंदे म्हणजे लालभडक पामतेलात गोळे तळायचे. पहिले छोटे गोळे एशूचे, वाटेच्या देवाचे, मग गिऱ्हाईकाचे. वडा मधोमध चिरून आत वातापा भरतात. त्यात काजू, शेंगदाणे, नारळाचं दूध आणि सुके झिंगे. वर भेंडीचं कारुरू. हा इयान्सांचा नैवेद्य. तिथल्या बायकांनी तो विकून गुलामीतून स्वतःची सुटका विकत घेतली, लेकरं वाढवली, देवकार्यं केली. वास नाकातून अजून जात नाही.

शुक्रवार, ३१ जानेवारी

शुक्रवार ओशालाचा, सगळ्या देवांच्या बापाचा. त्याचा रंग पांढरा, म्हणून निम्मं शहर पांढऱ्या कपड्यांत. बोनफिं चर्चच्या जाळीला हजारो रंगीत फिती बांधलेल्या. तीन गाठी, तीन मागणी. इकडे तिला 'फिता' म्हणतात. आपली फीत ती हीच, पोर्तुगीजांकडून आलेली. साबण, चावी, बादली यांच्याच गाठोड्यातून. मी एकच गाठ मारली.

शनिवार, १ फेब्रुवारी

आमच्या वाटाड्याचं घर शहराच्या कडेच्या एका वस्तीत आहे. घर म्हणजे तेरेइरो. तो तिथला ओगां, ढोल वाजवणारा. आज तिथे येमांजाचा उत्सव होता आणि मांयनी आम्हाला यायची परवानगी दिली होती. अट एवढीच, कपडे फिके असावेत, काळे नकोत आणि फोटो काढायचा नाही. घराचं नाव मी लिहीत नाही, त्यांनीच तसं सांगितलं.

दुपारी मांयसमोर बसलो. पांढऱ्या कापडावर मण्यांच्या माळांचं रिंगण आणि त्यात सोळा कवड्या. त्या फेकून, उघड्या किती आणि मिटलेल्या किती यावरून कोणता ओरिशा तुमच्या डोक्याचा धनी आहे ते पाहतात. मांयनी एक कवडी माझ्या हातावर ठेवली. पाठ घासून उघडलेली, वापरून वापरून लोण्यासारखी गुळगुळीत झालेली. आजीच्या गळ्यात कवड्यांची माळ असायची, तुळजाभवानीच्या आराधिणीची. ती माळ घालून परडी घेऊन ती मंगळवारी जोगवा मागायला जायची. आम्हा शहरातल्या नातवंडांना त्याची लाज वाटायची. तिच्या अंगात यायचं तेव्हा वडील दार लावून घेत. कवड्या मालदीवच्या समुद्रातल्या. हिंदी महासागरातून त्या युरोपला आणि तिथून जहाजं भरून पश्चिम आफ्रिकेला गेल्या. तिथे त्यांच्या मोबदल्यात माणसं विकत घेतली गेली. ज्या नाण्याने विकले गेले त्याच नाण्याने हे लोक देवाला कौल लावतात. हे मी भाचीकरवी मांयना सांगितलं. त्यांनी कवडी परत घेतली आणि कपाळाला लावली. म्हणाल्या, "तुझी आजीही मांयच होती."

रात्री नऊला ढोल सुरू झाले. कागदी पताकांनी सजवलेली मोठी खोली. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मध्ये भुई मोकळी, तिच्यावर पानं पसरलेली. ढोल तीन. सगळ्यात मोठा रुं, मग रुंपी, मग ले, आणि त्यांच्यावर लोखंडी घंटेचा ताल. एशूला आधीच त्याचं देऊन वाटेला लावलेलं. मग एकेका देवाची गाणी क्रमाने, ओगुमपासून. बायका डावा खांदा आत ठेवून गोलात फिरत होत्या. सगळं योरुबात. शब्दांचा अर्थ अनेकांना पूर्ण लागत नाही, पण कुठे काय वळायचं ते त्यांच्या पायांना माहीत.

पहिला तासभर मला फक्त उकडत होतं. मग येमांजाच्या गाण्याला ढोल बदलला. माझ्यासमोर एक पन्नाशीची बाई नाचत होती. जाड चष्मा, दुपारी हिनेच आम्हाला पाणी दिलं होतं. तिचा पाय एकदम अडखळला. खांदे थरथरले. लगेच दुसरी एक बाई, एकेदी, पुढे झाली. एकेदीच्या अंगात कधी येत नाही, देव आलेल्यांना सांभाळायचं हे तिचं काम. तिने आधी चष्मा काढला, घडी घालून स्वतःच्या कमरेत खोचला. मग कानातले डूल. मग चपला. मग खांद्यावरच्या पांढऱ्या टॉवेलने तिच्या कपाळावरचा घाम टिपला, इतक्या हळू की तान्ह्या बाळाचं टिपावं. आणि त्या बाईच्या गळ्यातून लांब, ओला, खोल आवाज निघाला. प्रत्येक देवाचा असा आपला आवाज असतो. सगळी खोली उभी राहिली. "ओदोया! ओदोया!"

तिला आत नेलं. अर्ध्या तासाने ती बाहेर आली ती येमांजा होऊन. निळा-चंदेरी घेर, डोक्याला मुकुट, मुकुटापासून चेहऱ्यावर मण्यांच्या सरी, मुंडावळ्यांसारख्या पण चेहरा झाकतील इतक्या दाट. हातात चंदेरी पंखा, त्याला आरसा. डोळे मिटलेले. हात लाटांसारखे मागे-पुढे. ती एकेकाला मिठी मारत आली. माझ्यासमोर थांबली, दोन्ही खांद्यांवरून मिठी मारली. घामाचा आणि लॅव्हेंडरच्या पाण्याचा वास. मी रडले, ते आजीसाठी. दार लावून घेतलेल्या त्या खोलीसाठी.

इकडे गुलामांच्या जहाजातून उतरलेल्या माणसाजवळ मूर्ती नव्हती, पोथी नव्हती, नावसुद्धा मालकाने बदललेलं. तो देव आणणार कशात? डोक्यात आणला. म्हणूनच दीक्षेत डोकं भादरतात, आठवडेच्या आठवडे खोलीत ठेवून त्या डोक्यात देवाची बैठक मांडतात. म्हणूनच 'डोक्याचा धनी' हा शब्द. उंबांदा नावाच्या दुसऱ्या पंथात गुलाम म्हाताऱ्यांचे, आदिवासींचे आत्मे अंगात येतात आणि त्या माणसाला घोडा म्हणतात. आपण झाड म्हणतो. देवाला ठेवायला दुसरी जागा नव्हती तेव्हा माणूसच देऊळ झाला.

उत्सवात आदल्या दिवशी बळी दिलेल्या कोंबड्यांचं जेवण सगळ्यांना वाढलं. इथे यावरून बरेच वाद झाले. २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो धर्माचा हक्क मान्य केला. मी शाकाहारी, मला पांढऱ्या मक्याचं एबो वाढलं. पहाटे तीनला परतलो.

रविवार, २ फेब्रुवारी

झोप नाहीच. पाच वाजता फटाके. तोवर कोळ्यांनी दिके दु तोरोरोच्या तळ्यावर जाऊन ओशुमचा वाटा देऊन झाला होता. आधी गोड्या पाण्याचीला, म्हणजे ती रुसत नाही. सण कोळ्यांचा. सांगतात, १९२३च्या सुमारास मासळी मिळेना, तेव्हा इथल्या कोळ्यांनी येमांजाला भेट देऊन नवस केला आणि मासळी आली.

मी पुण्याहून आणलेलं काढलं. लाकडी फणी, छोटा आरसा, बांगड्या, मोगऱ्याचं अत्तर. इकडचे लोक येमांजाला काय देतात हे वाचलं तेव्हा मी चकितच झाले होते. फणी, आरसा, अत्तर, फुलं. ही तर आपली ओटी. फक्त खण-नारळ तेवढा राहिला. तियांनी सगळं पाहिलं आणि काच बाजूला केली. "समुद्रात काच नको, प्लास्टिक नको. आता आम्ही तिला कुजेल तेच देतो. कासवं मरतात." अत्तर बाटलीतून फुलांवर ओतायचं, बाटली परत आणायची.

रांगेत साडेतीन तास उभे होतो. पुढे एक म्हातारा निळी फुलं छातीशी धरून, मागे एका तरुण मुलीच्या हातात साबणाची वडी आणि चिठ्ठी. ऊन असं की भाचीने मला दोनदा सावलीत बसवलं. एकदा डोळ्यांपुढे अंधारी आली तर अनोळखी बाईने मानेवर लॅव्हेंडरचं पाणी शिंपडलं. शेवटी टोपलीपर्यंत पोचलो. कमरेएवढी टोपली, पांढऱ्या गुलाबांनी भरलेली. फणी मी फुलांच्या आत खोल खोचली, वरून दिसू नये अशी. आजीचं नाव घेतलं.

चारच्या सुमाराला टोपल्या खांद्यांवरून उतरून होड्यांत चढल्या. कोळ्यांची मुख्य भेट शेवटी, ढोलांच्या गजरात. शेकडो होड्या निघाल्या. किनारा पांढरानिळा, माणूसच माणूस, आणि तरी होड्या दूर गेल्यावर क्षणभर सगळे गप्प झाले. भेट किनाऱ्याला परत आली तर तिने नाकारली असं मानतात. अंधार पडेपर्यंत लोक पाण्याच्या रेघेवर फुलं शोधत फिरत होते. काही गुलाब परत आले होते. फणी दिसली नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

विमान दुपारचं. सकाळी किनाऱ्यावर पालिकेचे कामगार कचरा गोळा करत होते. आरसा अजून माझ्या पिशवीत होता. तो तियांना दिला. त्यांनी कापडाने पुसला, उंबऱ्याजवळ पाण्याचा वाडगा ठेवलेला होता त्याच्या वर खिळा ठोकून टांगला. थोडा वाकडा लागला म्हणून मी सरळ केला. "राहू दे," त्या म्हणाल्या आणि परत वाकडा केला. "असा ठेवला की त्यात समुद्र दिसतो."

मी वाकून पाहिलं. खिडकीतून येणारी एक निळी पट्टी त्यात दिसत होती.